सात अंशांचा संसार

बाईंनी पंख्याचं बटण चार वेळा दाबलं. पंखा ढिम्म हलेना.

"अहो, उद्याही हा असाच रुसून बसला ना, तर हे चाकांवरचं घर विकून टाका! मला दुपारची झोप मिळालीच पाहिजे."

मास्तर हबकले. शाळेत भूमिती शिकवताना तीस वर्षं त्यांनी याच गाडीची स्वप्नं पाहिली होती. "तरी मी म्हणत होतो, तिरपी करता येणारी सोलर पॅनेलं घेऊ. या दिवसांत सूर्य डोक्यावर येतच नाही. सपाट पॅनेलांना काय मिळणार, कपाळ?"

"आणि ती तिरपी करायला रोज टपावर कोण चढणार? तुमचे गुडघे?"

पण हार मानतील तर ते मास्तर कसले! सकाळी उठून त्यांनी उजव्या चाकांपुढे फळ्या रचल्या. "पॅनेल तिरपं होत नाही ना? मग गाडीच तिरपी करू!"

गाडी गचका देत फळ्यांवर चढली. मागे काहीतरी धप्पकन पडलं. "डबा असेल," म्हणत मास्तरांनी कोनमापक लावला. "सात अंश! बरोब्बर!"

सात अंश वहीत एवढेसे दिसतात. घरात मात्र दार आपोआप उघडलं आणि टोपलीतले कांदे एकामागून एक बाहेर पडले. बेसिनमधलं पाणी तुंबलं. बाई एका हाताने ओटा धरून भाजी ढवळत होत्या.

"अहो, मला चक्कर येतेय की घराला?"

"विज्ञान आहे. थोडं सहन कर."

आणि दुपारी पंखा भर्रकन फिरला! मास्तरांनी लगेच पॅनेलवाल्याला फोन लावला.

बाई कांदे वेचायला खाली उतरल्या. मागच्या चाकापाशी त्यांची जाडजूड गोधडी पडली होती. बाईंनी जीभ चावली. परवा शिडीवर चढून त्यांनीच ती उन्हात टाकली होती, थेट पॅनेलांवर. इतकी छान सपाट जागा! काढायची तेवढी राहून गेली.

आत मास्तर फोनवर गरजत होते, "भूमिती खोटं बोलत नाही, साहेब!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. बाईंनी सांगायला उघडलेलं तोंड मिटलं आणि गोधडी गुपचूप पेटीत कोंबली.

"हरले बाई मी. तुमचंच खरं."

"मग गाडी विकायची नाही ना?"

"छे हो!"

दोघं पंख्याखाली आडवी झाली. पाचच मिनिटांत बाई घरंगळत आल्या आणि मास्तर भिंतीला चिकटले.

"अगं, चेंगरलो ना मी!"

"विज्ञान आहे," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "थोडं सहन करा."