लॅटिनकडची स्थळं

गेल्या दिवाळीनंतर आमच्या वधूवर सूचक मंडळात लॅटिन क्रियापदांच्या धातूंची स्थळं येऊ लागली. मी मंडळाचा कार्यवाह, त्यामुळे पहिलं स्थळ मीच आत घेतलं. नाव जेक्ट, अर्थ फेकणे, वय दोन हजारांच्या पुढे. कऱ्हाडात घोडनवऱ्यांची कमी नाही, म्हणून वयाकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

त्यांची अडचण साधी होती. इंग्रजीत जेक्टला एकट्याने राहता येत नाही, आधी कुणीतरी उपसर्ग लागतो. उपसर्ग मुलीही आठवडाभरात आल्या: इन, री, सब, प्रो. लग्नानंतर मुलीचं नाव आधी येणार, हे ऐकून आमचे खजिनदार पोतनीस जरा अस्वस्थ झाले. पण देणगी दोन्हीकडून मिळणार होती.

आमच्या संचालिका खराडेकाकू. अख्ख्या तालुक्याची लग्नं त्यांनी जुळवली, घरची मुलगी तेवढी राहिली. वृषाली चौतिशीची, नर्स. आयर्लंडच्या इस्पितळात तिला नोकरी मिळण्यासारखी होती, पण इंग्रजीची परीक्षा दोनदा आडवी आली होती आणि परीक्षेच्या पलीकडे काकू बसल्या होत्या.

"लग्न कर आणि मग खुशाल चंद्रावर जा," त्या म्हणायच्या. "परक्या मुलखात ताप आला तर बघणार कोण?"

"आई, मी नर्स आहे."

"तेच म्हणते मी. नर्सला कोण बघणार?"

मंडळाची पद्धत अशी, की जमलं की काचेच्या फळ्यावरचा फोटो उतरवायचा आणि पेढे वाटायचे. वृषालीचा फोटो तिथेच पिवळा पडला होता.

धातूंशी इंग्रजीत बोलायला कुणीतरी हवं, म्हणून काकूंनी तिला ड्यूटीनंतर मंडळात बसवायला सुरुवात केली. पहिला बघण्याचा कार्यक्रम जेक्ट आणि इनचा झाला. काकूंनी मुलीचा स्वभाव विचारला. आत जाण्याचा, असं कळलं. मुलाचा फेकण्याचा. वृषाली पोह्यांची बशी हातात धरून उभीच राहिली.

"अगंबाई! आत फेकायचं म्हणजे इंजेक्ट. रोज इंजेक्शनं देते मी, आणि हे घराणं आज कळतंय!"

कुणाचा कोण हे एकदा कळलं की आपल्याकडे परका माणूसही अर्धा ओळखीचा होतो. वृषालीचं शब्दांच्या बाबतीत तसंच झालं. स्पेक्ट म्हणजे बघणे, ट्रॅक्ट म्हणजे ओढणे, रप्ट म्हणजे मोडणे, आणि उपसर्गांतली री म्हणजे पुन्हा. नवा शब्द दिसला की ती विचारायची, "हा कुणाकडचा?" रीचं स्पेक्टशी जमलं तेव्हा तिने आईला समजावलं, की माणूस पुन्हा वळून बघावासा वाटला, तर तो रिस्पेक्ट.

अडचणी आल्याच. रीचं आधी जेक्टशी, मग ट्रॅक्टशीही जमलेलं होतं. पोतनीसांनी तातडीची बैठक बोलावून कायद्याचं काय असं विचारलं. "आमच्यात चालतं," री म्हणाली. अर्थ लागतो तोवर मंडळाची हरकत नाही, असा ठराव झाला. पुढे इन वाहून नेणाऱ्या पोर्टकडे गेली, तिच्या न चा म झाला आणि ती इम्पोर्ट झाली.

"बदलायचं तिनेच का?" वृषालीने विचारलं.

"उच्चाराला सोपं जातं," काकू म्हणाल्या.

फेब्रुवारीत वृषाली पास झाली. वाचनाचा पेपर सगळा सोयऱ्यांनीच भरला होता, असं ती म्हणाली. एप्रिलात हजर व्हायचं होतं. काकूंनी तिच्या तोंडात साखर घातली आणि म्हणाल्या, "आता स्थळ बघू." मला पोरीचं फार वाईट वाटलं. पण कार्यवाहाला मताचा अधिकार नाही.

मार्चच्या शेवटी ॲक्ट आला. अर्थ करणे. बरोबर कुणी वडीलधारं नव्हतं.

"अपेक्षा?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"आमची री दाखवू? तिला अनुभव आहे."

"भेटतो आम्ही, रिॲक्टच्या कामापुरते. मग मी घरी जातो."

"घरी कोण असतं?"

"मीच."

"आणि जेवणखाण?"

"करतो की. करणे हाच माझा अर्थ."

काकूंनी वृषालीकडे पाहिलं. "इंग्रजीत ह्यांना एकट्याने राहता येतं?"

"येतं आई. पूर्ण शब्द आहे तो."

"मग इथे कशाला आलात हो?"

ॲक्टने पोह्यांतली मिरची बाजूला काढली. "सगळे विचारतात, जमलं का कुठे. इथे येऊन गेलो की बघतोय म्हणून सांगता येतं."

वृषालीने मान खाली घातली. काकू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, जशा त्या दुसऱ्यांच्या मुलींकडे बघत. ॲक्ट चहा संपवून, नमस्कार करून गेला. मग काकूंनी किल्ली घेऊन काच उघडली, वृषालीचा फोटो उतरवला, पदराने पुसला आणि आयर्लंडच्या सामानात ठेव म्हणत तिच्या हातात दिला. मला म्हणाल्या, "पेढे आणा. अर्धा किलो."

मी पेढे घेऊन आलो तेव्हा री पुन्हा आलेली होती.

"कुणाचं जमलं?" तिने विचारलं.

"आमच्या वृषालीचं," काकू म्हणाल्या.

"कुणाशी?"

"पेढा घे आधी."

रीने पेढा घेतला. मग पुन्हा घेतला.