रोपांना हात कुणी लावला?

"या वेळी माझ्या रोपांना वारासुद्धा शिवणार नाही!" धडकीरावांनी प्रयोगशाळेत छाती ठोकून सांगितलं, आणि लगेच मागे वळून दाराची कडी लागली आहे ना ते पाहिलं. खरं नाव वेगळं होतं हो, पण माणूस सदा धास्तावलेला, म्हणून सगळे धडकीरावच म्हणायचे.

या खेपेला मात्र भीतीला कारण होतं. डॉक्टरेटचा अख्खा प्रबंध या रोपांवर टांगलेला! झाडाच्या पेशीत कॅल्शियम वाढलं की एक प्रथिन ते ओळखतं, आणि मुकादमासारखं हमाल प्रथिनांवर ओरडतं, "माल तिकडे टाका!" माल पडेल तशी पेशीची भिंत वळते, पेशीला आकार येतो. डावीकडच्या रोपांत हा मुकादम शाबूत होता, उजवीकडच्या रोपांतून काढून टाकलेला. उजवीकडची बिघडायला हवी होती. पण खुरटायला लागली डावीकडची!

धडकीरावांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर पेशी अंग चोरून बसलेल्या. "मेलो! कुणीतरी डाव साधतंय!"

त्यांनी रोपांच्या खोलीला दुसरं कुलूप लावलं. खिडकी कागदाने झाकली. जेवता जेवता उठून रोपं बघून यायला लागले. रोपं आणखीच खुजी झाली! रात्री झोपेत ते "पान... पान..." असं बरळायचे, आणि बायको उठून पाणी द्यायची. शेवटी त्यांनी खोलीत कॅमेरा बसवला.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक मॅडमनी स्वतः चित्रण लावलं. धडकीरावांनी देवाचं नाव घेऊन डोळे मिटले.

"उघडा डोळे. सापडला चोर."

पडद्यावर पांढरा कोट घातलेला एक माणूस चोरपावलांनी आत आला. दोन्हीकडचं एकेक पान बोटांनी कुरवाळत म्हणाला, "बरी आहेस ना गं? घाबरू नकोस हं." गेला. पाणी पिऊन परत आला. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात!

"अरे देवा," धडकीराव पुटपुटले. "हा तर मीच!"

"स्पर्श झाला की पेशीत कॅल्शियम उसळतं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे! सारखा हात लागला की मुकादम सारखा ओरडणार, झाड खुरटणारच. उजवीकडच्यांना मुकादमच नाही. तुमची काळजी त्यांना कळलीच नाही, म्हणून ती वेडीवाकडी का होईना, वाढली."

"म्हणजे प्रबंध बुडाला?"

"तरला! मुकादमाचं काम याहून चांगलं कोण सिद्ध करणार? परीक्षकांना मी पुढची तारीख कळवते. प्रयोग पुन्हा करू, मोजून मापून. पण स्पर्शासाठी पानांवर ब्रश मी फिरवीन. तुम्ही खोलीत पाऊल टाकायचं नाही!"

धडकीराव तरंगतच घरी आले आणि बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटायची थांबली. शेजारी लेक वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून रुसून बसली होती.

"अहो," बायको सावकाश म्हणाली, "हिच्या कपाळाला ताप बघायला दिवसातून किती वेळा हात लावता?"

धडकीरावांचा हात लेकीच्या कपाळाच्या वाटेतच होता, तो त्यांनी मुकाट्याने खिशात घातला.