किसनभाऊंची परतफेरी

उठलीस की निघालीस! ये बाई, इकडे सरकून बस. निरोप घ्यायची काही रीत असते की नाही? आमच्या किसनभाऊंकडून शिकायला हवं होतंस.

मोताळ्यात ते आमचे शेजारी. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, जिकडेतिकडे रस्त्याची खडी पडत होती, आणि किसनभाऊ बांधकाम खात्याचा रोलर चालवत. घरातही त्यांची चाल रोलरचीच. "येतो वहिनी," म्हणून दारापर्यंत जात आणि तसेच परत येत. "एक राह्यलंच!" मग रोहिणखेडात कोणाची म्हैस व्याली ते सांगत. पुन्हा दार, पुन्हा परत. आमचे हे वैतागत, "भाऊ, जा नं आता!"

"एका फेरीत दबत नाही जी," भाऊ म्हणत.

एकदा त्यांना बढती आली. मोठ्या साहेबाची जीप! कडक इस्त्रीची खाकी, पगार जास्त, रुबाब तर विचारूच नको. आमच्या यांनी गल्लीत पेढे वाटले. आणि महिना भरायच्या आत भाऊ पुन्हा रोलरवर! तोंड काजळीनं काळं, नुसते दात पांढरे.

"काऊन हो भाऊजी, जीप कोठी गेली?" मी विचारलं.

"म्याच सोडली. साहेब म्हणे, लोक वर चढतात, तू खाली काय उतरतोस? म्या म्हनलं, साहेब, रोलर जीपपेक्षा उंच हाय!"

"अन् पगार?" हे जवळजवळ ओरडलेच.

"पगार बोलते का? रोलरवर असलो का बाजाराले जानारं मानूस संगंसंगं चालते. घरचं सांगते, दारचं सांगते. जीपचा हॉर्न वाजला का तेच मानूस बाजूले सरकते. अन् साहेब तर बसल्या जागी झोपते."

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ "येतो" म्हणून गेले. मी भांडी घेऊन अंगणात आले, तर ते आपल्या दारापुढे उभे. बायको, आमची कावेरी, गेल्यापासून त्या दाराचं कुलूप तेच लावत, तेच काढत. किल्ली हातातच होती. कुलपाकडे जरा वेळ पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि वळले.

"एक राह्यलंच, वहिनी!"

त्या दिवसापासून मी त्यांना चहा आधी अर्धाच देऊ लागले. उरलेला चुलीशी झाकून ठेवायचा, परतफेरीसाठी.

जा आता, मोटार चुकेल. पण लवकर ये बाई. आल्यावर पिशवी आधी खाली ठेव. आणि चहा मी अर्धाच देईन हं.