व्याह्यांच्या घरी गाऊनात

संध्याकाळी चंद्रपूरला जाऊन मुलीच्या, मयुरीच्या लग्नाची तारीख पक्की करायची होती, आणि नेमकी सकाळी गुणवंतरावांची कंबर धरली. सोयाबीनचं पोतं उचलायला गडी येणारच होते. पण तेवढं थांबेल तो गुणवंतराव कसला. हा माणूस जेवतानासुद्धा ताटावरून उठून गोठ्यात डोकावून यायचा.

त्यांच्या पत्नी सुगंधाबाई आदल्या दिवशीच चंद्रपूरला भावाकडे गेल्या होत्या. त्यामुळे वरोऱ्याहून गाडीत घालून काकांना नेण्याचं काम पुतण्या प्रणितवर आलं.

"काका, माझ्या दोस्तानं तिथी रिकव्हरी स्टुडिओ टाकला. आधी गरम खोलीत बसाचं, मंग बर्फाच्या पाण्यात. क्रिकेटवाले हेच करतात."

"बसा लागते?" गुणवंतरावांनी संशयानं विचारलं.

बसावं लागत होतं. लाकडी खोलीत शिरल्यापासून ते सारखे दार ढकलून बाहेर मान काढत होते.

"काका, दार उघडलं की गरमी निघून जाते," स्टुडिओवाला अल्ताफ म्हणाला.

"मीच निघून जातो ना मंग."

बर्फाच्या टाकीत तर ते जेमतेम छातीपर्यंत बुडाले आणि एका उडीत बाहेर आले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की कंबर सुटली होती. खुशीत त्यांनी ओली चड्डी काढून टाकली, स्टुडिओचा टॉवेलच्या कापडाचा पांढरा गाऊन अंगात चढवला, आणि तेवढ्यात लाईट गेली.

कपड्यांचं कपाट लाईटवर उघडणारं होतं. पँट, सदरा, मोबाईल, सगळं आत.

"लाईट कवा येते?"

"आता ते काय सांगाव, काका," अल्ताफ ओशाळून म्हणाला. त्यानं स्वतःची ट्रॅकपँट देऊन पाहिली. ती गुडघ्याच्या वर चढेना.

प्रणितच्या फोनवर सुगंधाबाईंचा आवाज आला. "अवो, सारे बसून राह्यले. कुठी आहा?"

"आलोच," गुणवंतराव म्हणाले. प्रणित वाटेत पँट घेऊ म्हणत होता, पण त्यांना दुकानासमोर गाडी थांबलेली सहन होईना. व्याह्यांच्या फाटकापाशी उतरल्यावर वाऱ्याची झुळूक गुडघ्यांना लागली, तेव्हा कुठे त्यांना आपण काय केलं ते कळलं. प्रणित कपड्यांसाठी परत पळाला.

व्याही पत्रूजी हात जोडून दारात आले. त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली.

"डॉक्टरनं सांगतलं," गुणवंतराव गंभीरपणे म्हणाले, "कमरेले मोकळं ठेवाचं."

सुगंधाबाईंनी डोळे मिटले.

गाऊन शिवला होता जिममधल्या सडपातळ पोरांसाठी. खुर्चीत बसताच त्याचे दोन्ही पदर दोन दिशांना निघाले. गुणवंतरावांनी गुडघे घट्ट जुळवले, हात मांडीवर दाबले आणि ते तसेच राहिले. चहा आला.

"ठेवा तिथी."

तारखेचा विषय निघाला. एरवी त्यांनी हातवारे करत समोरच्याचं बोलणं मधेच तोडलं असतं, उठून दोन येरझाऱ्या घातल्या असत्या. आज हात रिकामे नव्हते.

"दिवाळीनंतर ठेवू म्हणतो," पत्रूजी म्हणाले.

"चालते."

"हॉल आमच्या इकडचा?"

"तुमी म्हणान तसं."

इतक्यात शहरभर गेलेली लाईट आली आणि डोक्यावरचा पंखा भरधाव सुटला. गाऊन फडफडायला लागला. गुणवंतरावांनी पाठ ताठ केली, श्वास रोखला आणि डोळे मिटून घेतले.

व्याहीणबाई भारावून म्हणाल्या, "भाऊ, पोरीच्या बापात एवढा शांत माणूस आमी नाई पायला. आमच्या यायले तर पाच मिनिटं बसवत नाई."

पत्रूजींनी मान खाली घातली. पुढची सगळी बोलणी वाद न होता पार पडली.

धापा टाकत प्रणित दारात आला. "काका, कपडे आणले. उठा, आतमंदी बदलून घ्या."

सगळे गुणवंतरावांकडे पाहू लागले. आतल्या खोलीचं दार बैठकीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "घाई काय हाय?"

सुगंधाबाई उठल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.