घरी दिवसभर कोण असतं?

कारकुनाने आयुष्यात एकच सुधारणा केली, आणि तीही पेन्सिलीने. म्हणजे कोणी ओरडलंच, तर खोडता यावी.

पालिकेच्या प्राणी निवारा केंद्रात तो अकरा वर्षं टेबलाशी होता. (बोर्डावर 'निवारा केंद्र', लोकांच्या तोंडी 'कोंडवाडा'.) माणसं यायची, अर्जावर नाव, पत्ता लिहून सही करायची, कुत्रं घेऊन जायची आणि चौथ्या दिवशी तेच कुत्रं परत आणून सोडायची. कारण विचारलं तर एकजण म्हणायचा, "फार भुंकतं." दुसरा म्हणायचा, "भुंकतच नाही." एका बाईंचं म्हणणं, ते सोफ्याच्या रंगाला शोभत नाही. परत आलेलं कुत्रं मग दोन दिवस फाटकाकडे तोंड करून बसायचं. कारकुनाच्या खिडकीतून ते नेमकं दिसायचं, आणि त्याचा डबा तसाच राहायचा. शेवटी एका दुपारी त्याने ठरवलं, अर्जात एक रकाना वाढवायचा : घरी दिवसभर कोण असतं?

एकच रकाना. पण रकान्यांनाही एकटं करमत नसावं, कारण संध्याकाळपर्यंत बावीस झाले. घरातल्या सर्वांची संमती आहे का? आपण गावाला गेल्यास प्राण्याला कोण सांभाळेल? शेजाऱ्यांचं मत काय? आणि शेवटी, केंद्राचा कर्मचारी पूर्वसूचना न देता घराची पाहणी करेल. कर्मचारी म्हणजे कारकूनच. त्याच्याशिवाय केंद्रात होतं कोण? पिंजरे धुणाऱ्या मावशी आणि अधीक्षकसाहेब. साहेबांची पद्धत ठरलेली होती. कागदावर पेन्सिलीची फुली असेल तिथे सही करायची. वर काय लिहिलंय, हा त्यांचा विषय नव्हे. नवा अर्जही त्यांनी फोनवर बोलता बोलताच मंजूर केला.

सुधारणा लगेच लागू पडली. कुत्री परत येणं पूर्ण थांबलं. कारण कुत्री जाणंच थांबलं.

"भाऊ," मावशी बादली आपटत म्हणाल्या, "हा अर्ज आहे की सोयरिकीची चौकशी? सकाळचं ते जोडपं आठव्या प्रश्नावर भांडत बाहेर गेलं."

"आठवा कुठला?"

"'घरातल्या सर्वांची संमती आहे का?' बाई म्हणाल्या, मला आजवर कशाबद्दल विचारलंय तुम्ही?"

महिनाभरात पिंजरे भरले आणि वरून पत्र आलं. सोमवारी दहा वाजता गाडी येईल, सर्वांत जुनी कुत्री शहराबाहेरच्या आवारात हलवावीत. यादीत पहिला नंबर एकशे चौदाचा.

एकशे चौदा हा तपकिरी, म्हातारा कुत्रा. एक कान उभा, दुसरा कधीच निवृत्त झालेला. तो फाटकाकडे बघायचा नाही. जाळीला पाठ टेकून खिडकीतल्या कारकुनाकडे बघत बसायचा, आणि कारकुनाने डबा उघडला की सभ्यपणे डोळे मिटून घ्यायचा. दोघांत बोलणं असं फारसं झालेलं नव्हतं. पण कारकुनासमोर इतका वेळ दुसरं कोणी बसलंही नव्हतं.

गाडीत त्याला चढवणार कोण? यादी तर कारकुनानेच टाईप केली होती. बावीस रकानेही त्याचेच. शुक्रवारी सगळे गेल्यावर त्याने एक कोरा अर्ज ओढला आणि स्वतःचं नाव लिहिलं.

घरी दिवसभर कोण असतं? 'कोणी नाही.' संध्याकाळी? 'मी.' सर्वांची संमती? 'आहे (एकूण एक).' चौदाव्या प्रश्नावर पेन थांबलं. आपण गावाला गेल्यास कोण सांभाळेल? त्याची ताई दोन दिवसांच्या प्रवासावर राहत होती आणि वाढदिवसाला फोन करायची. (स्वतःच्या. भावाने आठवण ठेवली का ते बघायला.) बराच विचार करून त्याने लिहिलं, 'गावाला जात नाही.'

राहिली पाहणी. शनिवारी त्याने पालिकेची टोपी घातली, फाईल काखेत मारली, स्वतःच्याच इमारतीचा जिना चढला आणि नियमाप्रमाणे स्वतःच्याच दाराची बेल वाजवली. मग पुन्हा एकदा. कोणी उघडेल अशी क्षणभर त्याला आशाही वाटली, पण हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही.

उघडलं ते समोरचं दार. समोरच्या काकू, चष्मा कपाळावर, हातात डाव.

"कोणी नाहीये."

मी इथेच राहतो, असं त्याला म्हणायचं होतं. पण तोंडातून सवयीचं वाक्य बाहेर पडलं. "मी पालिकेकडून आलोय. यांना कुत्रा हवाय. शेजाऱ्यांचं मत..."

"याला? कुत्रा?" काकू बाहेरच आल्या. "अहो साहेब, चार वर्षांत मी याची फक्त पाठ बघितलीय. कुलूप लावताना. पाठीवरून बरा वाटतो."

कारकुनाने लिहिलं, 'पाठीवरून बरा.'

"भांडखोर आहेत का?"

"भांडायला समोर कोणी लागतं ना! कधी आतून बोलणं ऐकू येतं. वाटतं, चला, आलं कोणीतरी. तर हा दुधाशी बोलतोय! 'थांब जरा, आत्ता नको, थांब.' आणि तरी ते उतू जातंच. जिनाभर वास."

कारकुनाचे कान तापले. "मग कुत्रा द्यावा का?"

"द्या बापडे. पण मला त्या कुत्र्याचीच काळजी वाटते." मग त्याच्याकडे बघून, "तुम्ही पाणी घ्या हो. चेहरा किती उतरलाय."

पाणी पिऊन तो आत गेला आणि पाहणी पूर्ण केली. खुर्ची एक. कप दोन, दुसऱ्यात पेनं. बावीसपैकी एकोणीस प्रश्नांत अर्जदार नापास. त्याने 'नामंजूर'समोर पेन्सिलीने फुली मारली. नियम म्हणजे नियम.

सोमवारी मावशींनी अर्ज वाचला. "स्वतःलाच नापास केलंत?"

"दुसऱ्या कोणाला केलंच असतं ना?"

मावशींनी बादली खाली ठेवली. फाईल त्यांनीच साहेबांकडे नेली. ती परत आली तेव्हा पेन्सिलीची फुली 'मंजूर'समोर होती, वाकडी, जाड, जराशी ओली. तिच्यावर साहेबांची सही. आणि चौदाव्या रकान्यात मावशींचा फोन नंबर.

"बघताय काय? फुली मलाही काढता येते. पट्टा आणा, गाडी फाटकात आलीय."

त्या दिवशी कारकुनाने अर्जातले एकवीस रकाने खोडले. चौदावा ठेवला.

संध्याकाळी तो दार उघडत होता, एकशे चौदा त्याच्या पायाला टेकून उभा, आणि समोरच्या काकू बाहेर आल्या. चष्मा कपाळावरच.

"अगं बाई, मिळाला! मीच चांगलं सांगितलं हो तुमच्याबद्दल, त्या पालिकेच्या माणसाला."

"आभारी आहे."

"पण तो माणूस किती एकटा वाटत होता हो! पाणी असं प्यायला, जसं कोणी कधी दिलंच नाही. त्याला एकदा चहाला बोलवा."

आता सांगावं. वाक्य गळ्यापर्यंत आलंही. "तो यायचा नाही," कारकून म्हणाला. "लाजाळू आहे."

"मग मी बोलावते. रविवारी. निरोप द्या त्याला, आणि तुम्हीही या."

रविवारी काकूंनी, चष्मा कपाळावरच ठेवून, तीन कप मांडले. एकशे चौदा टेबलाखाली झोपला. कारकुनाने चहा ढवळला, एकदा "हं" म्हणाला, एकदा "बरं" म्हणाला, आणि पुन्हा चहा ढवळला. काकू अर्धा तास दाराकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी तिसऱ्या कपावर बशी झाकली आणि सुस्कारा सोडला.

"तो यायला हवा होता," त्या म्हणाल्या. "तो निदान चार शब्द बोलत तरी होता."