दाढ काढून झाल्यावर आलेली आठवण

घड्याळवाल्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली ती काही गरज होती म्हणून नव्हे. एकाच डब्यात दोन सिस्टीम नांदू शकतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि त्यांच्या हातांना खाज सुटली. आयुष्यभर लोकांची घड्याळं उघडून बघितलेला माणूस. आत काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"अहो, माझं काम आहे त्यावर," बायको म्हणाली. ती घरी बसून एका दातांच्या डॉक्टरांचं काम बघायची. रोग्यांना वेळा द्यायच्या, त्या कॉम्प्युटरवर टाकायच्या. मग वेळेच्या तासभर आधी रोग्याच्या फोनवर आठवणीचा संदेश आपोआप जायचा.

"तुझ्या कामाला हात लावत नाही. जुनी सिस्टीम तुझी, नवी माझी. सुरू करताना तोच विचारेल, कोण हवंय?"

"म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं."

"अगदी तसंच. चूल वेगळी, दार एक."

दुकानात जाण्याआधी घड्याळवाले आपल्या बिऱ्हाडात तासभर रमायचे. ते गेले की बायको कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायची आणि आपल्या बिऱ्हाडात शिरायची. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच डॉक्टरांचा फोन आला.

"वहिनी, एक गृहस्थ परत आलेत. सकाळीच त्यांची दाढ काढली. आता त्यांना संदेश आलाय, एका तासात दाढ काढायला या. विचारतायत, अजून कुठली?"

दुसऱ्या दिवशी एक आजी नवी कवळी बसवून घरी गेल्या आणि संदेश वाचून, कवळी रुमालात गुंडाळून, पुन्हा दवाखान्यात हजर झाल्या. बसवायची राहिली असेल म्हणून.

बायकोने पडद्याच्या कोपऱ्यात नजर टाकली. घरात भिंतीभर घड्याळं, त्यामुळे तिथे बघायची तिला सवयच नव्हती. कॉम्प्युटर काही तास मागे होता.

"घड्याळवाल्याच्या घरात घड्याळ मागे," ती संध्याकाळी म्हणाली. "कुणाला सांगायची सोय नाही."

हे त्यांना चांगलंच झोंबलं. "आतला सेल गेला असणार," असं म्हणत त्यांनी डबा उघडला. आत बटणासारखा सेल होता, दुकानात रोज हाताखालून जाणारा. त्यांनी तो बदलला, वेळ लावली, हात झटकले. दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा मागे. त्यांनी आणखी एक सेल घातला, पाकीट फोडून, अगदी कोरा. घड्याळ तरीही मागे.

"वहिनी, लोक मला घाबरायला लागलेत," डॉक्टर म्हणाले. "असंच चाललं तर मला दुसरी सोय बघावी लागेल."

फोन ठेवून बायकोने गेलेल्या संदेशांची यादी चाळली. मग हळूच म्हणाली, "अहो, परवा तुम्ही बाहेरगावी होतात ना? त्या दिवशी एकही संदेश चुकला नाही."

"म्हणजे बिघाड माझ्यात आहे?"

"तसं नाही म्हणत मी. पण बघूया तरी."

दोघं शेजारी खुर्च्या टाकून बसली. नवी सिस्टीम सुरू केली, वेळ बरोबर. बंद करून जुनी सुरू केली, वेळ मागे. बायकोने वेळ नीट लावली. पुन्हा नवी, पुन्हा जुनी. घड्याळ परत मागे!

"परत करा बघू," बायको पदर खोचून म्हणाली. आता तिलाही चेव आला होता. टेबलावरचा चहा गार झाला, त्यावर साय धरली, कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी घड्याळवाल्यांनी शोधून शोधून मूळ गाठलं. "अगं, आतलं घड्याळ एकच आहे, वाचणारे दोन! माझी सिस्टीम त्यात जगाची प्रमाणवेळ लावून ठेवते आणि आपल्याकडचे तास मनात मिळवून दाखवते. तुझी बिचारी भोळी. जे लिहिलंय तीच इथली वेळ मानते."

"म्हणजे तुमची मनात एक ठेवते आणि दाखवते दुसरंच. आणि बोलणी माझी खाते!"

त्यांनी नव्या सिस्टीमला इथलीच वेळ पाळायला लावलं. एका ओळीचं काम. त्यानंतर आठवडाभर सगळे संदेश वेळेवर गेले. बायको निर्धास्त झाली, आणि पुन्हा डॉक्टरांचा फोन आला.

"वहिनी, ते संदेश बंद का झाले?"

"बंद नाही डॉक्टर, आता वेळेवर जातात."

"तेच म्हणतोय मी! परत आलेल्यांपैकी एकाची हिरडी सुजलेली सापडली, एकाचा टाका सुटला होता. एरवी ही माणसं आलीच नसती. बाकीचे सांगत सुटलेत, हा डॉक्टर काम झाल्यावरही चौकशी करतो. पूर्वीसारखं नाही का करता येणार?"

"अहो, पण यात संदेश एकदाच जातो. मग आधीची आठवण कोण देणार?"

"ती कशाला हवी? दाढ दुखत असली की माणूस विसरत नाही."

बायकोने फोन ठेवून नवऱ्याकडे बघितलं. घड्याळवाल्यांनी शेजारून सगळं ऐकलं होतं. एवढ्या वर्षांत घड्याळ मागे पाडून मागणारं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. त्यांचे डोळे चमकले.

"सरक जरा," ते खुर्ची ओढत म्हणाले. "किती तास बिघडवू, विचार त्यांना."