घाटातल्या डिपराची बखर

श्री. अंधारी वाट दाखवितो त्यास आधी नमन, मग हकीकत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद मासी, घाटमाथ्यावरील धुक्याच्या राज्यात वर्तमान वर्तले ते ऐसे. राज्याचे धनी भालचंद्रपंत डॉक्टर, ढोरांचे वैद्य, मागील सालच्या माघात कैलासवासी जाहले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी, मुलांच्या मातोश्री सरोजिनीबाई, आणि पुत्र निरंजनराव, आणि कन्या मृणालबाई, ज्या लग्न होऊन दूर मुलखी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत असत. धन्यांच्या मोटारीची विक्री ठरली ऐसे कळताच बाई माहेरी दाखल जाहल्या. गिऱ्हाईक देशावरचे. त्याने निरोप धाडिला की, "गाडी चांगली आहे, पण ते बाहेरून बसवलेले दिवे काढून द्या, पासिंगला अडवतात." मग दस्तगीर उस्ताद वायरमन यांस दुसऱ्या दिवसाचे बोलावणे गेले. आणि बाईंच्या मनी एकच इच्छा राहिली, की दिवे उतरण्याआधी ती मोटार एकवार घाटातून वर येताना पाहावी.

त्या दिव्यांची हकीकत ऐसी. पंत दिवसभर घाटाखालच्या गावांतून गुरे तपासीत आणि दिवेलागणीस परतत, आणि निरंजनरावांचे कॉलेज खालीच असल्याने तेही संगे येत. घराखालच्या शेवटल्या वळणावर पंतांनी दोनदा डिपर द्यावा, म्हणजे दिवे क्षणभर लावून मालवावे, आणि गॅलरीत उभ्या मृणालबाईंनी तो पाहून आत धावत जाऊन "आले!" म्हणावे, आणि मातोश्रींनी चहाचे आधण ठेवावे, हा दस्तूर. पुढे मोटारीचे मूळचे दिवे म्हाताऱ्याच्या नजरेसारखे मंद जाहले, तेव्हा पंतांनी मोहीम काढिली, आणि एचआयडी म्हणती ते झगझगीत पांढरे दिवे व त्यांची प्रोजेक्टर भिंगे शहरातून मागविली, आणि उस्तादांनी जुन्या दिव्यांच्या काचा ऊब देऊन सोडविल्या आणि आत भिंगे बसवून पुन्हा सांधिल्या. मग उजेड भिंतीवर पाडिला तो वरच्या अंगाने सरळ, जैसी सुरीने वडी कापावी. पंत बहुत खुश जाहले. परंतु पहिल्याच धुक्यात शिकस्त जाहली. तो पांढरा उजेड धुक्यावर आपटून पंतांच्याच डोळ्यांत परत आला. आणि वळणावर डिपर देऊ गेले तो दिवा वेळेवर पेटेना. उस्ताद हसून म्हणाले, "डॉक्टर, हा दिवा नवाबाच्या घरचा आहे. उठायला वेळ लावणार. आधी निळा होणार, मग पांढरा. तुमचा डिपर पुरा होईल तोवर तुम्ही घरी पोचून चहा पिऊन घ्याल." मातोश्री म्हणाल्या, "उजेड खूप पडला हो, पण माणूस आलं की नाही तेच कळत नाही." हे बोलणे पंतांच्या मनी लागले. मग दुसरी मोहीम जाहली, आणि बंपराखाली अगदी जमिनीलगत दोन पिवळे फॉग लाइट बसविले, आणि त्यांस स्टिअरिंगखाली वेगळे बटण दिले. पिवळा उजेड धुक्याखालून वाट काढी आणि बटण दाबताच पेटे. डिपर पुन्हा सुरू जाहला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वळणावर डिपर होई त्याच सुमारास स्वयंपाकघरातील दिवाही क्षणभर जाऊन येई. मृणालबाई शास्त्र शिकलेल्या. त्या कित्येकदा म्हणत, "बाबा, ते वायरिंग एकदा बघून घ्या ना. रोज याच वेळी लाइट जाते." पंत बशीत चहा ओतीत म्हणत, "जुनं घर आहे गं. चालायचंच." आणि मातोश्री चहा गाळीत राहत.

असो. उस्ताद यावयाच्या आदल्या संध्याकाळी दाट धुके उतरले. बाई बंधूंस म्हणाल्या, "निरू, एकदा गाडी खाली नेऊन वर आण ना."

"कशाला? पेट्रोल फुकट आलंय?"

"मला बघायचीय येताना."

"येताना बघायला ती काय नवरदेव आहे का?" ऐसे बोलून निरंजनरावांनी बहिणीच्या मुखाकडे पाहिले, आणि चावी घेऊन गेले. बाई गॅलरीत आपल्या जुन्या जागी उभ्या राहिल्या. बहुत वेळ काही दिसले नाही. मग झाडांच्या वर धुके दुधासारखे पांढरे जाहले, आणि मग वळणावर, खाली, जमिनीलगत, पिवळे डोळे उघडले आणि मिटले, आणि पुन्हा उघडले आणि मिटले. बाईंचे पाय आपोआप आत धावले आणि मुखातून "आले!" निघाले, आणि ते बोलून त्या उंबऱ्यातच थबकल्या. स्वयंपाकघरातील दिवा जाऊन आला. मातोश्री पाठमोऱ्या, भिंतीशी उभ्या होत्या. बाई सावरून म्हणाल्या, "अजून तसंच आहे वायरिंग." मातोश्री "हं" म्हणाल्या. आधण उकळत होते.

निरंजनराव आले, आणि उभ्याने चहा प्यायले, आणि चावी बहिणीपुढे धरून म्हणाले, "आता तू जा. मी उभा राहतो गॅलरीत."

"मी? या धुक्यात?"

"अगं, मी कायम गाडीत बसलो. तो उजेड बाहेरून कसा दिसतो ते मी कधी पाहिलं नाही. आणि आतून काय दिसतं ते तुला माहीत नाही."

"आतून काय दिसणार? धुकं."

"जा तर खरी. ताई आहेस ना, घाबरतेस काय!"

मग मृणालबाई वडिलांच्या आसनावर बसल्या. मोटारीत फिनेलचा आणि पेंडीचा वास तैसाच होता. त्या खाली पुलापर्यंत जाऊन वळल्या, आणि पिवळ्या उजेडाने हातभर रस्ता मागत मागत वर चढल्या, आणि शेवटल्या वळणावर स्टिअरिंगखाली हात घातला तो बटण सापडले. त्याची एक कड बोटाने झिजून गुळगुळीत जाहली होती. बाईंनी डिपर दिला. वर घर दिसत नव्हते, छप्पर दिसत नव्हते, गॅलरीही नव्हती. धुक्यात फक्त स्वयंपाकघराची खिडकी होती, आणि ती विझली, आणि पुन्हा लागली.

बाईंनी मोटार तेथेच उभी केली. पुन्हा डिपर दिला. खिडकी पुन्हा विझली आणि लागली. तेव्हा त्यांस कळले, की वर्दी आपण नेतो ऐसा आपला जन्मभराचा समज, परंतु आपण धावत जाण्याआधीच वर्दी पोहोचलेली असे, आणि मातोश्रींच्या हातून उत्तरही गेलेले असे, आणि पंत ते उत्तर घेऊन मग ही शेवटली चढण चढत. त्या बहुत वेळ त्या खिडकीकडे पाहत राहिल्या.

दुसरे दिवशी उस्तादांनी दिवे उतरविले आणि मोटार देशावर गेली. घाटात धुके आहे तैसे आहे. जाता जाता बाईंनी उस्तादांकरवी स्वयंपाकघरातील वायरिंग तपासविले. दोष निघाला नाही. कधीच नव्हता. हकीकत इतकीच.